थंडीत खुराड्याला बल्ब लावायचा का?

येऊरचा_कोंबडेवाला:
घरामागे आठ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. डिसेंबर लागला की शेजारी सांगतात, शंभरचा बल्ब लाव, गोणपाट बांध, सगळी भोकं बुजव. मी यातलं काही करत नाही. कोंबडीचं अंगच ४१ अंशांच्या आसपास गरम असतं. ती पिसं फुलवून दांडीवर बसते, पाय पोटाखाली घेते, झाली गोधडी! पारा १५-१६ वर आला की आपण कानटोप्या शोधतो, म्हणून तिलाही हुडहुडी भरते असं थोडंच आहे? तिला त्रास होतो कोंदटपणाचा. भोकं बुजवली की श्वासाची आणि शिटाची वाफ आतच राहते, अमोनिया साठतो, डोळे चिकटतात, नाक वाहायला लागतं. त्यात खाली सुका भुसा, वर तापलेला बल्ब आणि उंदराने कुरतडलेली वायर. (येऊरला रात्री भीती वाटते ती बिबट्याची. थंडीला कोण विचारतो!)

बदलापूर_पूर्व:
घोडबंदरच्या हवेवरून अख्ख्या ठाणे जिल्ह्याला शहाणपण शिकवू नका. आमच्याकडे पहाटे १२ पर्यंत उतरतं. मागच्या वर्षी एका रात्रीत पाच पिल्लं गेली. सकाळी बघतो तर एकावर एक चढून मेलेली.

येऊरचा_कोंबडेवाला:
वाईट झालं. पिल्लांचं वेगळं लिहायला हवं होतं, चूक माझी. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश लागतात, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायचे. एकावर एक चढली म्हणजे गारठलीच होती. खुडूक कोंबडीखाली होती की मशीनची आणलेली?

बदलापूर_पूर्व:
मशीनची.

येऊरचा_कोंबडेवाला:
मग बल्ब हवाच होता. मी मोठ्या कोंबड्यांबद्दल बोलतोय.

दिवाळे_गावची_सून:
मी मोठ्यांनाही लावते, पण अंड्यांसाठी. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा, आणि भरपूर अंडी घालायला कोंबडीला चौदाएक तास उजेड लागतो. पहाटे चारला नऊ वॅटचा एलईडी. ऊब शून्य, अंडी चालू. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही, पण आम्लेट खातात.

येऊरचा_कोंबडेवाला:
सासूबाईंच्या बाजूने माझं मत. गावठी कोंबडी थांबते तेव्हा अंगावर पिसं धरते. थांबू द्या की तिला.

भाचा_कॅनडात:
भाच्याकडे उणे वीस असतं. तिथे तुरा गोठून काळा पडतो, प्यायचं पाणी दगड होतं. तोही हीटर लावत नाही. शँटेक्लेर जातीच्या पाळल्यात, क्विबेकमध्ये थंडीसाठीच तयार केलेल्या. तुरा इवलासा, गोठायला फारसं काही नाहीच. खुराड्याला छताजवळ झरोके मात्र कायम उघडे.

घणसोली_सेक्टर:
बल्बवरून कसले भांडता? फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला, हजारो कोंबड्या माराव्या लागल्या. थंडीत खाडीवर बाहेरची पाखरं उतरतात. वस्तीत कोंबड्या हव्यातच कशाला?

दिवाळे_गावची_सून:
तुमचं सेक्टर व्हायच्या आधीपासून आमची खुराडी आहेत. काळजी म्हणाल तर करतो: दाणापाणी आत झाकून, खाडीकडे मोकळं सोडत नाही, आणि दोन-तीन एकदम मेल्या तर झाकून न ठेवता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवतो.

बदलापूर_पूर्व:
ते सगळं ठीक. पण गोणपाट सोडलं तर मुंगूस शिरेल, त्याचं काय?

येऊरचा_कोंबडेवाला:
मुंगसाला गोणपाट अडवत नाही हो, फाडतं ते. अर्ध्या इंचाची वेल्डची जाळी ठोका, वरच्या वीतभर जागेवर तेवढं गोणपाट नको, नुसती जाळी. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट राहू द्या हवं तर.