भाकितांपेक्षा आकडेमोड महत्त्वाची

फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्न आजही वाचला जातो तो त्याची भाकितं खरी ठरली म्हणून, हे मत मला पटत नाही. भाकित खरं झालं की जुनंही होतं. व्हर्न टिकला, कारण तो हिशेब वाचकासमोर उघडा ठेवतो. त्याच्या १८६५च्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत माणसांना चंद्राकडे डागणारी तोफ ९०० फूट लांब, त्यांना नेणारा गोळा ॲल्युमिनियमचा आणि वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर. पृथ्वीवरून सुटायला साधारण तेवढाच लागतो! चंद्र डोक्यावर यायला हवा, म्हणून तोफेची जागा विषुववृत्तापासून २८ अंशांच्या आत हवी. त्यावरून फ्लोरिडा आणि टेक्सास या अमेरिकी राज्यांत जुंपते.

आकडे दिलेले असल्यामुळे तो कुठे चुकला तेही तपासता येतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. ९०० फुटांत एवढा वेग गाठायचा तर त्वरण गुरुत्वाच्या वीस हजार पटींच्या वर जातं. त्याने धक्का शोषायला गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर ठेवला आहे, पण तीन फूट पाणी इथे काय पुरणार? दुसरी चूक जास्त सूक्ष्म आहे. या कादंबरीच्या पुढच्या भागात, दुसऱ्या पुस्तकात, प्रवाशांचं वजन हळूहळू घटतं आणि पृथ्वी-चंद्राची ओढ समान होते त्या बिंदूवरच शून्य होतं. प्रत्यक्षात गोळा आणि प्रवासी सारख्याच ओढीखाली एकत्र जात असल्यामुळे हवेबाहेर पडल्यापासूनच प्रवासी तरंगायला हवेत. त्याच पुस्तकात बाहेर टाकलेला मेलेला कुत्रा मात्र गोळ्याच्या सोबतीने जात राहतो, आणि ते अगदी बरोबर आहे. शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचून घ्यावेत.