मदत हवी आहे : डॉल्फिनच्या मागे न धावणारी होडी, मालवण-तारकर्ली

डिसेंबरात आईबाबा आणि नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन मालवणला जातोय. गेल्या वर्षी देवबागहून डॉल्फिन बघायला गेलो होतो. पाठ दिसली रे दिसली की चार-पाच होड्या इंजिन वाढवून तिकडेच सुटायच्या. एका मादीच्या कुशीला चिकटून पिल्लू पोहत होतं. आम्ही जवळ गेलो तशी दोघांनी बुडी मारली, ती परत दिसलीच नाहीत. लेक म्हणाली, "बाबा, आपण त्यांना घाबरवलं का?" मला उत्तर देता आलं नाही.

हे डॉल्फिन मुख्यतः आवाजाच्या आधाराने मासे शोधतात, मग त्या गोंगाटात त्यांचं काय होत असेल?

लांबवर इंजिन मंद करून शांतपणे थांबणारा होडीवाला कुणाला माहीत आहे का? पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील. आणि त्याला हे सांगायचं कसं? त्याचं पोट त्यावर आहे, शहाणपणा शिकवल्यासारखं वाटायला नको.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगही करायचंय. १९८७पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, तरी माशांना पाव टाकताना आणि प्रवाळावर पाय टेकवताना लोक पाहिलेत. हे न करणारं कुणी असेल तर नक्की सुचवा.