वादळात घर फुटलं, मग क्लेमचं काय झालं? अनुभव लिहा

परवा भावाच्या घराचे पत्रे उडाले आणि तो मला विचारतोय पहिला फोन कुणाला करू, सुताराला की इन्शुरन्सवाल्यांना. ज्यांना पैसे मिळाले, नाकारले, विमाच नव्हता, सगळ्यांनी लिहा.

माझ्यापासून सुरू करतो. घर दापोलीजवळ, ३ जून २०२०, निसर्ग वादळ. माजघरावरची कौलं गेली, पाऊस सरळ गाद्यांवर. रस्त्यातली झाडं हटल्यावर चौथ्या दिवशी पोचलो तर आईने शेजाऱ्यांना घेऊन सगळं लख्ख करून ठेवलेलं, फुटकी कौलं वाटेवरच्या चिखलात पसरली, गाद्या परसात पुरल्या. सर्व्हेअर, म्हणजे विमा कंपनीतर्फे नुकसान बघणारा, आला पंधरा दिवसांनी. म्हणे गाद्या दाखवा. आता काय, खड्डा उकरू? फ्रिज जागेवर होता म्हणून त्याचे धरले, तेही घसारा, म्हणजे जुना झाल्याची वजावट, कापून, आणि पडवीच्या पत्र्यांवर शेरा "आधीच गंजलेले".

श्रीवर्धनहून: आमचा विमाच नव्हता, जुन्या कौलारू घराचा निघतो हेच माहीत नव्हतं. तलाठ्याने पंचनामा केला. बागेला हेक्टरी ५० हजार जाहीर झाले, आमची वाडी ११ गुंठे, म्हणजे साडेपाच हजाराच्या आसपास, आणि सुपाऱ्या सगळ्या आडव्या. कौलं मिळेनात, महिनाभर ताडपत्रीखाली स्वयंपाक केला. फोन चार्ज करायला जनरेटरवाल्याकडे रांग, त्यामुळे "फोटो ताबडतोब मेल करा" असले विम्याचे सल्ले वाचले की हसूच येतं.

मालवण: तौक्ते, मे २०२१. शेजाऱ्यांचा फणस आमच्या छपरावर. मुलगी म्हणाली बाबा हात लावू नका. झाड तसंच असताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढला, मग मेल, क्लेम नंबर आला, मग ताडपत्री. पाणी आत येत होतं म्हणून झाड तोडू का असं सर्व्हेअरला लेखी विचारलं, त्याचं हो आलं तो मेल अजून ठेवलाय. चूक एकच, सुताराच्या मजुरीची पावती कच्च्या चिठ्ठीवर घेतली, ती धरलीच नाही. शेजाऱ्यांनी लाकूड नेलं, फणसांसकट! बोलणं बंदच आहे.

पुण्यातून, एजंट आहे म्हणून थोडं: १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा ही एकसारखी पॉलिसी आहे, वादळ-पूर त्यात येतं. घराचा विमा घेतलात की घरातलं सामान त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप धरलं जातं. मलबा उचलायचा खर्चही क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो, लोक मागतच नाहीत. नाकारलं तर आधी कंपनीला लेखी तक्रार, मग विमा लोकपाल, तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. आणि होम लोनबरोबर बँकेने गळ्यात मारलेली पॉलिसी उघडून वाचा, बऱ्याचदा ती कर्जदाराच्या जिवाची असते, घराची नसते.

धागाकर्ता: भावाला आत्ता कपाट उघडायला लावलं. जिवाचीच निघाली. सुताराला फोन केलाय.