जत्रेची तीन नाटकं, स्पर्धेचं सौभद्र आणि गळा एकच

काळी_चार
नमस्कार. फोंड्यात राहते, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. आठ वर्षं गाणं शिकते आहे, स्वर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा सा. संगीत नाटकाच्या स्पर्धेत आमच्या मंडळाचं सौभद्र आहे, त्यात सुभद्रा. शिवाय कार्तिक ते पौष तीन गावांतून जत्रेच्या नाटकासाठी विचारणा आली आहे. दोन पौराणिक, एक ऐतिहासिक, तिन्हींत पदं. एका गावात नायकाचा स्वर काळी दोन आहे आणि द्वंद्वगीतं दोन. 'पेटीवर जुळवून घेऊ' म्हणतात. जानेवारीत कॉलेजची प्रॅक्टिकल्स.

तिन्ही घ्यावीत का? घेतली तर तालमी कशा बसवायच्या, आणि आवाज टिकवण्यासाठी नेमकं काय करायचं? 'काळजी घे' सोडून काहीही सांगा!

पायपेटीवाला
आधी स्वराचं बघ, तारखा नंतर. पेटीवर 'जुळवून घेऊ' हे वाक्य ऐकलं की सावध व्हायचं. पेटीवाला कुठल्याही पट्टीत वाजवेल, त्याचं काय जातं? अडतं ते गळ्यात आणि तबल्यात.

संगीत नाटकात पुरुष काळी एक आणि बाई काळी चार ही जोडी उगाच रूढ झालेली नाही. काळी एकचा पंचम (प) म्हणजेच काळी चार. तबला काळी चारला लावला की तुझ्यासाठी तो षड्जात (सा) बोलतो आणि नायकाच्या पदाला पंचमात. एका तबल्यावर प्रवेश निघतो.

नायक काळी दोनवर गेला की तुझा सा त्याच्या मध्यमावर (म) येतो. मालकंस, बागेश्रीसारखं मध्यम बलवान असलेलं पद असेल तर खपून जाईल. भूप किंवा देसकारात मध्यमच वर्ज्य, तिथे तबला सतत टोचत राहतो. मग उरतात तीन वाटा:

१) तू काळी पाचवर चढायचं. तालमीत संध्याकाळी सात वाजता जमेल. जत्रेत पडदा उघडतो पालखी आटोपल्यावर, तुझं दुसऱ्या अंकातलं पद येतं रात्री दोनला. तेव्हा तार पंचम एक पूर्ण सूर वर लावून बघ. ही वाट नकोच.

२) नायकाने काळी एकवर उतरायचं. त्याचा खर्ज, म्हणजे खालचे सूर, थोडा पातळ होईल, पण नाट्यपदांत मंद्रातलं काम तसं कमीच. सर्वांत सोपी वाट हीच.

३) तो एकटा गातो ती पदं काळी दोनवर, द्वंद्वगीतं मात्र काळी एकवर. त्यासाठी तबले दोन हवेत: काळी चारचा मोठ्या तोंडाचा, साधारण सहा इंची, आणि काळी दोनला टीपेचा, म्हणजे उंच सुराचा, साडेपाच इंचांच्या आतला. एकच तबला पदागणिक हातोडीने चढवायचा-उतरवायचा म्हटलं तर प्रेक्षकांना ठोकाठोकी ऐकवावी लागते, आणि एका सुरापेक्षा जास्त ताणला तर नाद कोंडतो, पुडीही (तबल्यावरचं कातडं) जाते.

उघड्या मंडपात आणखी एक भानगड. मध्यरात्रीनंतर दव पडतं, पुडी ओल धरते आणि तबला उतरतो. शेजारी हॅलोजन असेल तर उलट चढतो. पायपेटी मात्र आहे तिथेच. म्हणून प्रत्येक अंकाच्या आधी तबला पेटीला लावून घ्यायला सांग. तिसऱ्या अंकात 'आज सूर लागत नाही' असं वाटतं ना, त्यात निम्मा दोष तबल्याचा असतो.

तिसरी_घंटा
वरच्यांनी स्वराचं सांगितलं, मी व्यवस्थेचं सांगते.

तिन्ही गावं घ्यायला हरकत नाही, पण तारखा कॅलेंडरवर नाही, पंचांगात बघ. जत्रा तिथीवर असते. 'गेल्या वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती' हा हिशेब फसतो: तीच तिथी दर वर्षी साधारण अकरा दिवस आधी येते, आणि मधे अधिक महिना पडला की एकोणीसेक दिवस पुढे जाते. गावकऱ्यांकडून तिथी घे, तारीख तूच काढ, मग प्रॅक्टिकल्सच्या वेळापत्रकाशेजारी ठेव. नाटक पहाटे संपतं, म्हणजे तुझा दुसरा दिवस गेलाच. एका नाटकाला दोन तारखा खोडायच्या. स्पर्धेच्या प्रयोगाआधी निदान चार दिवस मोकळे हवेत. ते मिळत नसतील तर एका गावाला आत्ताच नाही सांग. आत्ता नाही म्हटलं तर ते दुसरी मुलगी बघतील. पंधरा दिवस आधी म्हटलंस तर पुढली पाच वर्षं तुला कोणी विचारणार नाही.

होकार देताना या गोष्टी मागून घे:
– कापलेली संहिता. गावागावात वेगळी कापतात. छापील पुस्तकावरून पाठ करून गेलीस तर पहिल्याच तालमीला गोंधळ.
– कुठली पदं ठेवली, कुठली गाळली, आणि ती कोणत्या चालीत. 'पारंपरिक' म्हणजे कुणाची, हे रेकॉर्डिंग पाठवूनच ठरवायचं.
– बाहेरून येणाऱ्या नटीला गावात तीन-चार तालमीच मिळतात. त्यातल्या दोन तबला-पेटीसकट हव्यात आणि एक रंगीत, म्हणजे वेशभूषेसकट. नुसत्या वाचनाला फोंड्याहून जायची गरज नाही, ते फोनवर होतं.
– प्रॉम्प्टर कुठल्या विंगेत बसणार. वर टांगलेल्या माइकखाली बसवला तर तुझं वाक्य लोकांना दोनदा ऐकू येतं.

दोन पौराणिकांत भाषा सारखी, संबोधनं सारखी, 'नाथ' काय आणि 'प्राणनाथ' काय. वाक्यं एकमेकांत घुसतात. दोन्ही एकाच दिवशी घोकू नको. प्रत्येक नाटकाचा एक पुठ्ठा कर: प्रवेश क्रमांक, कुठल्या विंगेतून आत, आदल्याचं शेवटचं वाक्य, हातात काय, नेसणं कुठलं. विंगेत तो टाचणीने लाव. पाठांतर चोख असलेल्या मुलीसुद्धा चुकीच्या विंगेतून येतात.

नांदीला, म्हणजे सुरुवातीच्या स्तवनाला, सगळे रंगमंचावर असतात, म्हणून तिसऱ्या घंटेआधी पूर्ण रंगून-नेसून तयार राहावं लागतं. 'माझा प्रवेश तर उशिरा आहे' हे संगीत नाटकात चालत नाही. रंगपटात रंगभूषाकार एकच असतो आणि दाढी-मिशावाले आधी बसतात. गोंद वाळायला वेळ लागतो, त्यांचं बरोबर आहे. तुझी पाऊण तासाची वेळ आधी ठरवून घे. पदर बदलायला तीन मिनिटं असतील तर शिवलेली नऊवारी घे. त्यावर नाक मुरडणारे विंगेत येऊन निऱ्या घालून देत नाहीत. आणि नथ घालून तालीम करच. दाबाची नथ तानेला घसरते, हात नाकाकडे जातो आणि अभिनय तिथेच संपतो.

काळी_चार
खूप आभार! नायकाला काळी एकवर उतरायला मी कशी सांगू? ते वयाने मोठे आहेत. आणि आवाज बसला तर?

खर्ज
तू सांगूच नको. पेटीवाल्याला सांगायला लाव, पहिल्याच तालमीला, दोघांचं ऐकून. 'दादा, द्वंद्वगीत काळी एकवर जास्त खुलतंय' एवढं पुरतं.

आता आवाज. गाण्याने आवाज कमी बसतो, संवादांनी जास्त. पदात श्वास मोजून घेतेस, गळा उघडा असतो. आक्रोशाच्या वाक्यात तेच विसरतेस आणि लगेच पद उचलायचं असतं. सौभद्रातलंच 'वद जाऊ कुणाला शरण' घे. आधीच्या संवादात खरं रडलीस तर गळा आवळतो आणि पहिली ओळच चोंदते. रडणं शब्दांच्या फेकीत आणि खांद्यांत दाखव, गळ्यात उतरू देऊ नको. आणि शेवटच्या वाक्यानंतर एक पूर्ण श्वास नाकाने. पेटीवाला सूर धरतो तेवढ्यात तो बसतो. त्याला सांगून ठेव, तो सूर लांबवेल.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी वीस मिनिटं खर्ज, तोंड मिटून गुणगुण, बस्स. तानांचा रियाज त्या दिवशी नाही. रात्री रंगायला बसण्याआधी दहा मिनिटं पुन्हा गुणगुण. साध्या पाण्याची बाटली विंगेत, दर प्रवेशानंतर दोन घोट. जत्रेतली भजी आणि गावकऱ्यांचा आग्रह, दोन्ही नाटकानंतर. जेवण पडद्याआधी अडीच-तीन तास. आंबट वर आलं की कंठ सुजतो, आणि आपण दोष थंडीला देतो.

तालमींत प्रत्येक वेळी भर गळ्याने गायचं नाही. चार तालमींतली एक पूर्ण ताकदीने, बाकीच्यांत वरच्या जागा खाली घेऊन. दिग्दर्शकाला आधी सांग, नाहीतर 'हिचा आवाजच लागत नाही' असं ठरतं.

बसलाच, तर कुजबुजून बोलू नको, त्याने जास्त ताण पडतो. खाकरू नको, घोट घे. बोलणं बंद, दिवसातून दोनदा पाच-सात मिनिटं साधी वाफ. घसा बधिर करणारी गोळी चघळून गाऊ नको: दुखणं कळत नाही, इजा होत राहते. गाताना सूर मधेच तुटून नुसती हवा येऊ लागली तर प्रयोग असला तरी थांब. घोगरेपणा दोन आठवड्यांवर गेला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र बघून घे.

पायपेटीवाला
खर्जताईंशी सहमत, फक्त एक भर. वन्स मोअरचं आधी ठरव. जत्रेत तो येतोच, आणि मान द्यावाच लागतो. अख्खं पद पुन्हा घ्यायचं नाही. अंतऱ्यापासून उचल, दोन आवर्तनं, एक छोटी तान, तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन मुखड्यावर सोड. तबलजीशी खूण ठरव, डाव्या हाताने पदर सावरला की तिहाई. स्पर्धेत मात्र वन्स मोअर घेऊच नको, घड्याळ चालू असतं.

तिसरी_घंटा
पदराची खूण नको हो. नऊवारीत ती दर दोन मिनिटांनी पदर सावरणार, तबलजी प्रत्येक वेळी तिहाई लावेल. मान तबलजीकडे वळवली की तिहाई, एवढं ठेवा.