अनुभव धागा : असिरियन शेजारी, असिरियन सोयरे

गेल्या महिन्यात शेजारच्या आजींनी कुंपणावरून पातेलं दिलं. झाकण काढलं तर ताकातली पालेभाजी! दाटसर दही, त्यात मूठभर भात, चिरलेला पाला आणि मिरची. फोडणी तेवढी नव्हती. 'बूशाला,' त्या म्हणाल्या. आमच्याकडे यात हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे पडतात, असं मी हातवारे करून सांगू लागले. त्यांची बारावीतली नात मध्ये उभी होती. शेवटी कंटाळून ती इंग्रजीत म्हणाली, अहो, तुम्ही दोघी मघापासून एकच भाजी सांगताय.

या आजींना घरात सगळे 'नाना' म्हणतात. आमच्याकडे नाना म्हणजे माझे मिशीवाले सासरे, त्यामुळे सुरुवातीला फार गोंधळ उडायचा.

मी सिडनीच्या पश्चिमेला, फेअरफील्ड भागात राहते. इथे असिरियन वस्ती मोठी आहे. असिरियन म्हणजे सीरियन नव्हेत (ही चूक मी पहिली दोन वर्षं केली, कुणी काही बोललं नाही, पण चेहरे पडायचे). उत्तर इराक, आग्नेय तुर्कस्तान, इराणमधलं उर्मिया आणि ईशान्य सीरिया या पट्ट्यातले हे ख्रिस्ती लोक. घरी आरामाईक या पश्चिम आशियातल्या प्राचीन भाषेची आजची बोली बोलतात, तिला ते 'सुरेत' म्हणतात. १९१५ च्या सुमारास ऑटोमन राज्यात आर्मेनियन लोकांबरोबर यांचीही कत्तल झाली. तिला ते 'सैफो' म्हणतात, म्हणजे तलवार. ऑगस्ट १९३३ मध्ये इराकच्या सिमेले भागात पुन्हा तेच घडलं. नानांचे वडील तेव्हा लहान होते आणि वाचले. म्हणून ७ ऑगस्टला हे लोक आपल्या मृतांचं स्मरण करतात. इथून जवळ बॉनीरिगला २०१० साली उभारलेलं स्मारक आहे, तिथे नाना दरवर्षी जातात. सून गाडी चालवते. नात मागे बसून फोन बघते, पण जाते.

नानांचा जन्म खेड्यातला, सुनेचा बगदादचा, नातीचा इथला. नाना सुरेतमध्ये विचारतात, सून सुरेत आणि अरबी मिसळून बोलते, नात इंग्रजीत उत्तर देते. आणि संभाषण न अडखळता चालतं! आमच्या घरी मात्र माझ्या मुलाला 'पातेलं' शब्द येत नाही.

तुमच्यापैकी कुणी स्वीडनमध्ये, शिकागोत, कॅलिफोर्नियात, मेलबर्नला असाल, कुणाच्या घरात अशी सोयरीक झाली असेल, तर लिहा. या माणसांना स्वतःचं राज्य नाही आणि घरं चार खंडांत पांगलेली. तरी आजीकडून नातीकडे काय पोहोचतं आणि काय वाटेत सांडतं, ते मला हवंय. विकिपीडियावरचं नको, ते मी वाचलंय.

सोदरतेल्ये, स्वीडन

मग मलाच लिहायला हवं. मी मूळची साताऱ्याची आणि या लोकांची सून. सासरचे तूर अब्दीनचे, म्हणजे तुर्कस्तानातल्या मिदयातच्या बाजूचे. सासरे १९७० च्या दशकात इथे आले. आमची बोली सुरेत नव्हे, 'सुरयत' किंवा तुरोयो. नमस्काराला तुमच्या नाना 'श्लामा' म्हणत असतील, आमच्याकडे 'श्लोमो'. कोकणी आणि वऱ्हाडी माणसाचं जमेल, त्याहून जरा कमीच यांचं एकमेकांशी जमतं.

पण मला सांगायचंय ते नावाच्या भांडणाबद्दल. आपसात सगळे स्वतःला 'सुरयोये' म्हणतात. स्वीडिशमध्ये सांगायची वेळ आली की घर दुभंगतं. एक गट म्हणतो आम्ही असिरियन, दुसरा म्हणतो आम्ही सिरियानी, आमचा वारसा आरामी, निनवेच्या (म्हणजे जुन्या असिरियाच्या राजधानीच्या) राजांशी आमचा काय संबंध? या एका गावात त्यापायी दोन फुटबॉल क्लब झाले, असिरिस्का आणि सिरियान्स्का. दोन्ही स्वीडनच्या सर्वात वरच्या लीगमध्ये खेळून आले, पहिला २००५ मध्ये, दुसरा २०११ ते २०१३. माझे सासरे पहिल्याचे, त्यांचे सख्खे धाकटे भाऊ दुसऱ्याचे. आमच्या लग्नात दोघांना एका टेबलावर बसवायचं नाही, हे मला हळदीच्या आधी सांगितलं गेलं. (हळद माझ्या आईने हट्टाने केली. सासूबाईंना वाटलं, सुनेला काविळीवरचं औषध लावतायत.)

लग्नाला सहाशे माणसं. झुर्ना आणि दावूल वाजायला लागलं, आणि आमच्या मामांनी डोळे मिटून विचारलं, सनई-ढोल कुठून मागवला? मग हातात हात गुंफून लांबलचक रांगेचा नाच. पुढचा माणूस रुमाल फिरवतो, पावलं ठरलेली. चार वर्षांची पोर आणि सत्तर वर्षांचे काका एकाच रांगेत. भाषा न येणाऱ्या भाच्यांनाही पावलं चुकत नाहीत. माझी दरवेळी चुकतात.

आता मुद्द्याचं. इथल्या शाळेत मुलांना घरची भाषा शिकवतात, पण निदान पाच मुलं हवीत आणि शिक्षक मिळायला हवा. माझ्या मुलीसाठी मी दोन अर्ज आणले. सुरयतचा तास लगेच मिळाला: वर्ग भरलेला, बाई मिदयातच्या, पुस्तक तयार. मराठीसाठी आमच्या भागात आम्ही दोनच घरं निघालो. आठ कोटींची भाषा, मागे अख्खं सरकार, आणि माझी मुलगी शिकते ती भाषा, जिला कुठल्याच देशात सरकारी कागद नीट मिळत नाही. मी अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला. अजून आहे.

शिकागो

आमच्या ऑफिसात सारगोन नावाचा सहकारी आहे. मला वाटलं टोपणनाव असेल. नाही, पासपोर्टवर तेच, धाकट्या भावाचं आशुर, बहिणीचं शमीराम. त्याच्या पणजोबांची नावं मात्र साधी बायबलमधली. एकोणिसाव्या शतकात निनवे-निमरूदची उत्खननं झाली, उर्मियात मिशनऱ्यांच्या छापखान्यातून १८४९ पासून त्यांच्या बोलीत नियतकालिक निघू लागलं, त्यानंतर हळूहळू ही जुन्या असिरियातल्या राजा-राण्यांची आणि देवांची नावं पाळण्यात आली, असं तोच सांगतो. आपल्याकडे शिवाजी, संभाजी ठेवतात तसंच म्हणा.

सारगोनची चौथी पिढी. पणजोबा उर्मियाहून इथे आले. त्याला भाषा येत नाही. देवघरात, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थना म्हणतो, पण मी विष्णुसहस्रनाम म्हणतो तशी. मुलगा सात वर्षांचा झाला तेव्हा तो त्याला विद्यापीठाच्या संग्रहालयात घेऊन गेला, मी आणि माझी मुलगी सोबत होतो. तिथे खोर्साबादहून आणलेला पंखवाला बैल आहे. माणसाचं तोंड, सोळा फूट उंच, वजन चाळीस टन, दुसऱ्या सारगोन राजाच्या महालातला. पोरगा पाटीवर बापाचं नाव वाचून ओरडला, 'बाबा, हा आपला आहे?' सारगोनने हो म्हटलं. मग पोराने हात लावायला पुढे केला आणि पहारेकरी म्हणाला, हात लावायचा नाही.

परतताना गाडीत सारगोन बराच वेळ गप्प. नंतर म्हणाला, तुझ्या लेण्यांना तू हात लावू शकतोस ना? मी म्हटलं, आमचे लोक तर तिथे बदाम काढून नावं कोरतात. तो एवढा हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली.

पुणे

क्षमा करा, पण एक शंका. दोन हजार सहाशे वर्षांपूर्वी बुडालेल्या साम्राज्याचे हे खरोखर वंशज कशावरून? की मिशनऱ्यांनी आणि उत्खननवाल्यांनी डोक्यात भरवलं?

सिडनी (धागाकर्ती)

अभ्यासकांत यावर वाद आहेत, आणि स्वीडनवाल्या ताईंच्या सासरी तर जेवणाच्या टेबलावर आहेत. पण आपल्याला कुणी सातवाहनांपासूनची वंशावळ मागत नाही हो. उत्खननाचं म्हणाल, तर लेयार्ड या ब्रिटिश उत्खननकारासोबत निनवेत खणणारा आणि पुढे गिल्गमेश महाकाव्याच्या मातीच्या पाट्या शोधणारा होर्मुझ्द रस्साम हा मोसूलचा, यांच्यातलाच माणूस. 'बाहेरच्यांनी भरवलं' एवढंच म्हटलं की तो गायब होतो. इतकं बोलून थांबते, कारण हा धागा अनुभवांचा आहे.

त्रिचूरमध्ये बालपण, सध्या डोंबिवली

बाबांची बँकेतली बदली, म्हणून चौथी ते सातवी त्रिचूरला होते. तिथल्या कॅल्डियन सिरियन चर्चच्या (हे असिरियन चर्चचाच भाग) शाळेतली एक मैत्रीण म्हणायची, आमचे पेट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, शिकागोला असतात. मला ती थाप वाटायची. रोम नाही, दिल्ली नाही, शिकागो! वरचं शिकागोचं वाचून आज शोधलं, तर कळलं की तेव्हाचे पेट्रिआर्क मार दिंखा ('मार' ही धर्मगुरूंची पदवी) खरंच तिथे राहायचे. आत्ताचे मार आवा तर जन्मलेच शिकागोत, आणि गादी आता एर्बिलला. त्रिचूरचे तेव्हाचे मेट्रोपोलिटन (मुख्य बिशप) मार आप्रेम मल्याळी होते, १९६८ मध्ये बगदादला त्यांचा अभिषेक झाला. म्हणजे मैत्रीण वंशाने मल्याळी, चर्च असिरियन, प्रार्थनेत सुरियानी, म्हणजे जुन्या आरामाईकमधले शब्द. तिला 'तू कोण' विचारलं की ती म्हणायची, त्रिचूरची.

जाता जाता: सहाव्या शतकातल्या कॉस्मस नावाच्या प्रवाशाने 'कल्लियाना'त इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहून ठेवलंय. ते आमचं कल्याणच, असं बहुतेक मानतात. १५ डब्यांच्या लोकलमध्ये चिरडताना मी याचा विचार करते.

अश्दोद, इस्रायल

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आजी-आजोबा अलिबागजवळून इथे आले. घरात मराठी अजून आहे, म्हणजे आई बोलते, मी लिहितो, मुलं ऐकून घेतात. मलिदा अजून होतो. तर पिढ्यांचं हे सांडणं आम्हाला नवं नाही. पण मी लिहितोय ते बायकोच्या आजीबद्दल.

त्या झाखोच्या, म्हणजे उत्तर इराकमधल्या कुर्दी भागातल्या ज्यू. १९५०-५१ मध्ये इराकच्या ज्यूंना विमानांनी इकडे आणलं त्यात आल्या. त्यांची मायबोली आरामाईक. इथे आल्यावर मुलांनी ती टाकली, कारण शाळेत हसायचे. नवरा गेल्यावर त्यांच्याशी ती बोलणारं घरात कुणी उरलं नाही. बहिणीशी फोनवर बोलायच्या, मग बहीणही गेली.

एकदा शबाथ संपल्यावर मी यूट्यूबवर काहीतरी लावत होतो. चुकून असिरियन लग्नाचा व्हिडिओ लागला, बहुतेक अमेरिकेतला. कुणी म्हातारी बाई माइकवर नवरीला आशीर्वाद देत होती. आजी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी आल्या आणि विचारलं, ही कुणाची बायको? आपल्या गावची आहे का? ती ख्रिस्ती आहे म्हटल्यावर म्हणाल्या, असू दे, बोलते आपल्यासारखी, थोडी तोतरी. ज्यूंची आणि ख्रिश्चनांची बोली वेगवेगळी, तरी त्यांना निम्म्याहून जास्त कळत होतं. न कळलेल्या शब्दांवर त्या चिडत होत्या, आपण मालवणी नाटक बघताना चिडतो तसं.

त्यानंतर दर शनिवारी रात्री अनोळखी असिरियनांची लग्नं. नवरे-नवऱ्या त्यांनी पाठ केल्या होत्या. एका नवरदेवाला त्या शेवटपर्यंत आळशी म्हणायच्या.

मेलबर्न

मी नव्याने आलेल्यांना इंग्रजी शिकवते. २०१४ च्या जुलैत आयसिसने मोसूलमधल्या ख्रिश्चनांच्या घरांवर अरबी 'नून' अक्षर ('नसारा', म्हणजे ख्रिस्ती, याचं आद्याक्षर) रंगवलं, मग ऑगस्टमध्ये मोसूलजवळचं काराकोश हे ख्रिस्ती गाव रिकामं झालं. तिथली कुटुंबं माझ्या वर्गात आहेत. त्यातले सगळे स्वतःला असिरियन म्हणवतात असं नाही. कुणी कॅल्डियन, कुणी सुरयान कॅथलिक, आणि बरेच फक्त 'सुराये'.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही, म्हणून लिहिते. जुने आणि नवे यांचं फारसं पटत नाही. चाळीस वर्षांपूर्वी आलेल्यांचे झेंडे मोठे, १ एप्रिलच्या नववर्षाची मिरवणूक मोठी (२०२५ ला त्यांचं ६७७५ वं वर्ष लागलं). नव्यांना ते सगळं जरा नाटकी वाटतं. वर्गातल्या एका काकांनी मला विचारलं, हे पोशाखात पिसं खोचून फिरतात, यांना माझ्या गावातली चर्चची घंटा कुठे पडलीय ते माहीत आहे का? आणि जुन्यांच्या मुलांना नव्यांचा हेवा वाटतो, कारण ती मुलं भाषा फाडफाड बोलतात. कुणाचं बरोबर ते मला ठरवता येत नाही. मिरवणुकीत मात्र काका आले होते. कडेला उभे होते, हाताची घडी घालून, पाय मात्र तालावर.

सिडनी (धागाकर्ती)

तिघांनी खाजगीत बूशालाची कृती विचारली, म्हणून रविवारी नानांकडे गेले. नात लिहून घेत होती, फोनवर, इंग्रजी अक्षरांत. दही, भात, जरासं पीठ (दही फुटू नये म्हणून), मिरची, शेपू. माप विचारलं की नाना हाताची ओंजळ दाखवायच्या. पाला कुठला, इथे सगळं अडलं. इथे त्या सिल्व्हरबीट (पालकासारखी भाजी) घालतात, पण 'खरा' पाला वेगळा, वसंतात डोंगरावर बर्फ वितळलं की यायचा. त्याचं नाव त्यांनी सांगितलं. सुनेला ते माहीत नाही, अरबीत काय म्हणतात तेही माहीत नाही. नातीने ऐकलं तसं टाइप करून शोधलं, काही निघालं नाही. मग तिने नानांना तीनदा म्हणायला लावलं आणि आवाज रेकॉर्ड करून ठेवला. तिसऱ्या वेळी नाना वैतागल्या होत्या, ते त्यात स्पष्ट ऐकू येतं.

तुम्ही चाकवत घाला. आणि फोडणी देऊ नका, मी दिली, त्यांनी चमचाभर खाऊन पातेलं परत पाठवलं.