सल्ला हवा: वाह्यात विनोदाचा जुना आर्केड स्पेस शूटर

तोफखाना:
मंडळी, गॅलागा आणि स्पेस इनव्हेडर्स हे जुने, यानातून गोळ्या झाडायचे गेम आता तोंडपाठ झालेत. तशाच जुन्या वळणाचा, पण वेडगळ शूटर हवाय. विनोद अगदी शी-शूचा असला तरी चालेल. अट एकच, गंमत खेळण्यात हवी. मधेमधे नुसते संवाद वाचायला लावणारा नको. भाच्यासोबत जोडीने खेळता आला तर फारच छान.

चक्रम_पायलट:
डोळे मिटून पॅरोडियस घ्या. १९८५च्या ग्रेडियस या स्पेस शूटरची तो बनवणाऱ्या कोनामी कंपनीने स्वतःच उडवलेली टर आहे ही. पहिला भाग १९८८ साली एमएसएक्स या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर आला, पण सुरुवात १९९०च्या आर्केडवाल्या 'पॅरोडियस दा!'पासून करा. यानाऐवजी ऑक्टोपस किंवा पेंग्विन घेऊन उडता येतं. पहिल्याच स्टेजला मांजराच्या तोंडाचं जहाज अंगावर येतं. पुढे स्क्रीनभर उंचीची नर्तकी डोक्यावरून चालत जाते, तिने पाय उचलला की खालून सटकायचं. हसता हसता मरतो माणूस! आणि मागे शास्त्रीय पाश्चात्त्य सुरावटी वाजत असतात.

निशाचर:
शी-शूच हवं असेल तर पीसी इंजिन या जुन्या गेम कन्सोलवरचा १९९२चा टॉयलेट किड्स आहे. नावातच सगळं आलं. पण खरं सांगतो, विनोद पाच मिनिटांत संपतो आणि नेमबाजीत दम नाही. त्यापेक्षा त्याच वर्षीचा चो अनिकी बघा. तेल चोपडलेले पहिलवान तुमच्या बाजूने लढतात. संगीत भन्नाट आहे.
भाच्यासाठी मात्र चिकन इनव्हेडर्स, १९९९चा, पीसीवरचा. दोघांना एकाच वेळी खेळता येतो. कोंबड्या वरून अंडी टाकतात, मारली की तंगडी खाली पडते. पोरं खूश होतात.

तोफखाना:
पॅरोडियस सुरू केलाय, वेड लागलंय! पण तिसऱ्या स्टेजला मेलो की सगळी शस्त्रं जातात आणि मग लागोपाठ लाइफ उडतात. काय करू?

चक्रम_पायलट:
शत्रू मारून मिळणाऱ्या कॅप्सूलने शक्तींच्या पट्टीत एकेक घर पुढे जातं आणि बटण दाबलं की त्या घरातली शक्ती मिळते. मेल्यावर पहिली कॅप्सूल स्पीडलाच लावा, त्याशिवाय गोळ्या चुकवता येत नाहीत. पण दोनाच्या वर नको, नाहीतर भिंतीवर आपटाल. शस्त्रं वाढली की खेळही कठीण होत जातो, म्हणून दिसेल ते घेत सुटू नका. पट्टीत एक घर असंही आहे की ते लागलं तर होतं नव्हतं ते सगळं जातं. पट्टी गरगर फिरायला लागली की बटणावरचा हात आवरा.
आणि खेळात तरंगत येणाऱ्या घंटा! लोक त्या तशाच गोळा करतात. आधी त्यांवर गोळ्या मारा, रंग बदलतो आणि रंगाप्रमाणे शक्ती मिळते. पांढरीने भोंगा मिळतो, त्यातून ओरडूनच शत्रू मरतात. अडचणीच्या जागी हिरवी घ्या.

तोफखाना:
हिरवी लागली! ऑक्टोपस टम्म फुगला, कशालाही आपटलो तरी काही होत नव्हतं, समोर येईल त्याला चिरडत गेलो. भाचा खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. चौथ्या स्टेजला पोचलोय.