रोज कमरेला बाळगण्यासाठी कोणते रिव्हॉल्व्हर घ्यावे?

प्रश्न (लातूर): आमची सोयाबीन व तुरीची आडत आहे. हंगामात रात्री रोकड घेऊन गावी परतावे लागते, म्हणून अर्ज केला होता. गेल्या महिन्यात परवाना हाती आला. कानपूरचे नेहमीचे पोलादी बत्तीस बोअर (०.३२ इंच मापाचे) रिव्हॉल्व्हर घ्यावे की त्याच बोअरचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे हलके 'निर्भीक', हे ठरत नाही. शस्त्र दिवसभर सदऱ्याआड राहणार आहे. काडतुसांविषयीही जाणकारांनी सांगावे.

उत्तर (नांदेड): मी बारा वर्षे पोलादी बत्तीस बोअर बाळगत आहे. हलके शस्त्र कमरेला जाणवत नाही, हे खरे. मात्र तेच काडतूस हलक्या शस्त्रातून उडवल्यास हाताला धक्का अधिक बसतो आणि दुसरी गोळी नेमकी लागणे कठीण होते. घोडा न चढवता चाप ओढण्यास बरेच बळ लागते, म्हणून दुकानदाराच्या परवानगीने दोन्ही रिकामी शस्त्रे हातात घेऊन पाहावीत व मगच पैसे मोजावेत.

काडतुसे नुसती 'बत्तीसची' म्हणून मागू नयेत. पिस्तुलाचे बत्तीस वेगळे, रिव्हॉल्व्हरचे वेगळे. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पितळी कड बाहेर आलेली आणि लांबी थोडी अधिक असते. पिस्तुलाचे काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रात कदाचित बसेलही, पण ते त्यासाठी बनलेले नाही. पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसे मला पुरेशी वाटतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मात्र घामाने चामड्याचे होल्स्टर ओले होते आणि त्यात राहिलेल्या पितळेवर हिरवट थर चढतो, त्यामुळे रोजची काडतुसे मी दरवर्षी सरावात संपवून नवी भरतो.

उत्तर (बीड): २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये आणि आपल्या ताब्यात असावे लागते, त्यामुळे सदऱ्याआड बाळगणे ही हौस नव्हे, शिस्त आहे. आमच्या जिल्ह्यात २०२५ मध्ये कित्येकांचे परवाने रद्द झाले. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडणाऱ्यास शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तेव्हा भावकीच्या आग्रहालाही नकारच द्यावा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. काल दोन्ही शस्त्रे हाताळली. चाप ओढताना 'निर्भीक' माझ्या हातात हलत होते, पोलादीच नोंदवले.